दप्तराने कणा वाकत नाही

शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते : "डॉक्टर, दप्तर वाहून वाहून पोरीचा कणा वाकलाय." पालकहो, हे आधी मनातून काढून टाका. दप्तराच्या ओझ्याने कणा कायमचा वाकत नाही, उंचीही खुंटत नाही. खांदे, मान, कंबर मात्र नक्की दुखतात आणि मूल पुढे झुकून चालतं. ओझं हलकं केलं की बहुतेक मुलांचं हे दुखणं काही दिवसांत ओसरतं. उंची खुंटेल या भीतीने उंची वाढवणाऱ्या पावडरी आणू नका.

हा गैरसमज मला खटकतो, कारण खरा आजार दप्तराच्या नावावर खपून जातो. सातवीतल्या एका मुलीच्या खांद्यावरून दप्तराचा पट्टा सारखा घसरायचा. घरच्यांनी दोष दिला दप्तराला. मोबाइलवर जाहिरात पाहून पाठ ताठ ठेवणारा पट्टा मागवला, मग मणके 'बसवून' देणाऱ्याकडे मालिश झाली. माझ्याकडे आली तेव्हा ऐन वाढीचे कितीतरी महिने हातचे गेले होते. तिला पुढे वाकायला सांगितलं, तर उजवीकडच्या फासळ्या वर उचललेल्या! हा स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला एका बाजूला पडलेला बाक. बहुतेकदा त्याचं कारण सापडत नाही. दहाव्या वर्षानंतर, उंची भराभर वाढताना तो दिसू लागतो. वेळेत कळला तर मापाने बनवलेल्या ब्रेसने बाक वाढणं बऱ्याच मुलांत थांबवता येतं. बाजारी पट्ट्याने ते होत नाही. घरी एवढं पाहा : मूल पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकू दे. मागून पाहताना पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.

पाठदुखीने मूल रात्री झोपेतून उठतंय, ताप येतोय, वजन घटतंय, दप्तर सोडूनही दुखणं दोन-तीन आठवडे हटत नाही, तर मेडिकलमधून गोळी आणून वेळ काढू नका. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो, मुलांमध्येही. पाय बधिर पडले, चालताना लटपटले, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

यातलं काही नसेल तर घाबरू नका, पण दप्तर तपासा. केंद्राच्या 2020 च्या धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच हवं : पहिली-दुसरीला 1.6 ते 2.2 किलो, सहावी-सातवीला 2 ते 3 किलो. तरीही शाळेची, शिकवणीची आणि सगळ्या विषयांची पुस्तकं रोज एकाच दप्तरात कोंबली जातात! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शाळेत स्वच्छ पाणी असेल तर बाटली तिथेच भरू द्या. वेळापत्रक पाहून दप्तर रोज रात्री मुलासोबत भरा, जाड पुस्तकं पाठीलगत ठेवा.

"पुढची दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी सॅक घेऊ नका. ती पाठीपेक्षा रुंद नको, तळ कंबरेखाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नको. पट्टे रुंद, गादीचे आणि दोन्ही खांद्यांवर. एका खांद्यावर लटकवायची ऐट खपवून घेऊ नका. चाकांची बॅग सपाट रस्त्याला ठीक, पण तीन जिने चढायचे असतील तर तीच जड पडते. खरेदीला मुलाला सोबत न्या. दुकानातच सॅकमध्ये वह्या-पुस्तकं भरून, पट्टे आवळून त्याला चार पावलं चालवा, दुकानदार कुरकुरला तरी.