नील बेटावरचे चार दिवस

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. आम्हीही गेलो, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी बोटीने नील बेट गाठलं. २०१८ पासून बेटाचं नाव शहीद द्वीप आहे, पण बोलण्यात अजून नीलच येतं. तिथे जाणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी ओहोटीची वेळ विचारा, मग दिवसाचा बेत ठरवा.

लक्ष्मणपूरच्या बाजूला समुद्राने कोरलेली खडकाची कमान आहे. आम्ही जेवणं उरकून निवांत निघालो. पोचलो तेव्हा वाटेवरचे खडक पाण्याखाली. माझं बालपण गुहागरचं. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी बोटांवर शिकवलेलं. पण तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानच्या पाण्याची वेळ वेगळी. मुक्कामाच्या ठिकाणी नुसतं विचारलं असतं तरी हेलपाटा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गेलो आणि तिथेच दोन तास रमलो. खळग्याखळग्यात पाणी साचलेलं, त्यात काळ्या समुद्रकाकड्या पडलेल्या, बोटाएवढे मासे सुळकन कपारीत शिरणारे. एका खडकात रुतलेला शिंपला होता, त्याचे मऊ ओठ निळेजांभळे. मी वाकले, माझी सावली त्याच्यावर पडली, आणि तो हलकेच मिटला. बाजूला सरून थांबले, तर पुन्हा उघडला. कमानीचे फोटो काढले, पण मनात राहिला तो शिंपला.

२. पाऊल बघून टाका.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत असतं. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, आणि एका टाचेखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. बेटावरच्या भरतपूर किनाऱ्याच्या उथळ पाण्यात लोक त्यावर उभे राहून फोटो काढत होते. मला राहवलं नाही, मी जाऊन सांगितलं. दोघं उतरले, बाकीच्यांनी ऐकलं नाही.

३. संध्याकाळ लवकर होते.

घड्याळ भारताचं, बेट मात्र पूर्वेला कितीतरी लांब. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. मुंबईच्या सवयीने चहा घेत बसाल तर सूर्यास्त हुकेल. सीतापूर किनाऱ्यावरचा सूर्योदय बघायचा तर पहाटे पाचला बाहेर पडा.

४. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आमची बोट खराब हवेमुळे रद्द झाली. मधला दिवस होता म्हणून निभावलं. आणि रोख पैसे जवळ असू द्या.

५. बेटावर पिकतं ते खा.

इथली बरीच घरं पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्यांची. त्यांनी जंगल तोडून शेतं केली आणि आज पोर्ट ब्लेअरला (आताच्या श्री विजयपुरमला) इथून भाजी जाते. आम्ही जेवायचो ती खाणावळ अशाच एका काकूंची. मोहरीच्या वाटणातला मासा आणि भात. पहिल्या घासाला नाक झणझणलं, तिसऱ्या दिवशी मी वाटण कसं करतात ते शिकून घेतलं. पाणी मात्र जपून वापरा. लहान बेटावर गोडं पाणी म्हणजे पावसाने जमिनीत साठवलेलं तेवढंच.

६. काहीही उचलून आणू नका.

प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. पण आमच्या घरी हा धडा कायद्याने नाही शिकवला. लेकीने एक सुंदर शंख आणून खोलीतल्या टेबलावर ठेवला होता. रात्री खुडखुड ऐकू आली. दिवा लावला तर शंख चालत होता. आत खेकडा होता, ते त्याचं घर. लेक रडवेली झाली. रात्री साडेदहाला आम्ही दोघी विजेरी घेऊन किनाऱ्यावर गेलो. तिने शंख ओल्या वाळूवर ठेवला आणि उजेड बाजूला केला. बराच वेळ काही हललं नाही. मग एक पाय बाहेर आला, मग दुसरा.