शाळेच्या कामासाठी कोणते यंत्र निवडावे?

शाळेसाठी संगणक घेण्याचा विषय निघाला, की चर्चा प्रथम किमतीची होते. तत्पूर्वी, यंत्रावर कोणते काम, कोठे व किती वेळ करावयाचे, हे शिक्षकांनी कागदावर उतरवावे. त्यावरून निवड पुष्कळशी सोपी होते.

१. मोबाईल : २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’वरील पाठ पुस्तकातील क्यूआर कोड टिपून उघडणे, छायाचित्र घेणे, पालकांस निरोप धाडणे, ही कामे यावर उत्तम होतात. विद्यार्थ्यांची माहिती मात्र यावर भरू नये. लहान पडद्यावर रकाने नजरेआड जातात. नावातील वेलांटी किंवा जन्मतारखेतील आकडा चुकतो. तीच चूक पुढे दाखल्यावर व प्रमाणपत्रावर उतरल्यास, मजुरी बुडवून खेटे घालण्याची पाळी पालकावर येते.

२. डेस्कटॉप : पडदा मोठा, कळफलक ऐसपैस आणि बिघडलेला भाग सुटा बदलता येतो. परंतु वीज जाताच तो बंद पडतो व न साठविलेले काम नष्ट होते. यूपीएस जोडल्यास काम साठविण्यापुरती मिनिटे मिळतात. पक्की खोली व नियमित वीज असलेल्या मोठ्या शाळेस हा योग्य होय.

३. लॅपटॉप : किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील दोनशिक्षकी शाळेस, किंवा जेथे वीज वारंवार जाते तेथे, हा अधिक सोयीचा. बॅटरीवर तो काही तास चालतो व केंद्राच्या शिक्षण परिषदेस नेता येतो. उष्णतेने बॅटरी लवकर क्षीण होते; म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत तो तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोबाईल शिक्षकाचा असतो. बदली झाली की तो शिक्षकाबरोबर जातो. मुलांच्या नोंदी शाळेतच राहिल्या पाहिजेत. यास्तव शाळेचे यंत्र जडवस्तू नोंदवहीत चढवावे, माहितीची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर काढून कुलपात ठेवावी, आणि प्रत्येक नाव पाठविण्यापूर्वी जनरल रजिस्टरशी दोघांनी मिळून ताडून पाहावे.

स्वाध्याय : एक आठवडा शालेय वेळेतील विजेचे तास नोंदवा. गेल्या महिन्यातील संगणकीय कामांची यादी करून त्यांपैकी कोणत्या कामांस कळफलक आवश्यक होता, ते ठरवा. त्यानंतरच खरेदीचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा.