पूर ओसरल्यावरची घाई

आमचं घर रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या बाजूला. गाई मात्र महादेव घाटापलीकडे, खारुण नदीकाठच्या सखल रानात. जमीन कन्हार, म्हणजे काळी आणि चिकट. नदी फुगली की रान बुडणार, हे धरूनच चालायचं. पाण्यानं गवत मेलं, असं सगळेच म्हणतात. मला विचाराल तर बरंचसं गवत पाणी उतरल्यावर मरतं, जनावरांच्या तोंडानं आणि खुरांनी.

एका वर्षी पाणी ओसरताच राऊतानं, म्हणजे आमच्या गुराख्यानं, कळप आत सोडला. घरात वैरण संपली होती, त्याला तरी काय बोलणार? एका कोपऱ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, तेवढा वाचला. दसऱ्याला त्या कोपऱ्यात पॅरा गवत गुडघाभर होतं. बाकीच्या रानात खुरांचे खड्डे, खड्ड्यांत पाणी आणि मध्ये लव्हाळा. पूर दोन्हीकडे सारखाच आला होता.

बुडालेल्या मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो आणि मुळं गुदमरतात. पॅरा गवत पेरांवर नवी मुळं फोडतं, शेंडा पाण्याबाहेर काढतं आणि पोकळ खोडातून खाली हवा पोचवतं. हरळीचं तंत्र निराळं. ती वाढ आवरती घेते आणि खोडातली साखर पुरवून पुरवून खाते. 2009 मध्ये आलेला स्वर्णा-सब1 भात दोनेक आठवडे पाण्याखाली तग धरतो, तोही असाच. पण पाणी उतरेपर्यंत ही शिल्लक तळाला गेलेली असते. उरल्यासुरल्या साखरेवर जो पहिला कोंब येतो, तोच गाईनं खुडला तर दुसरा कुठून येणार? नेपियरला तर तुंबलेलं पाणीच सोसत नाही. ते उंच बांधावरच लावावं. पॅरा सखलात ठीक, पण नाल्यात आणि भातखाचरात शिरू देऊ नका, मग हटत नाही.

गवत गेलं की जिवंत आहे, हे पानांवरून ठरवू नका. एक ठोंब उपटा, बुडखा नखानं चिरा. आत पांढरा, टणक असेल तर जीव आहे. तपकिरी, पिचपिचीत आणि कुजका वास येत असेल तर आशा सोडा. तुंबलेलं, गढूळ, उन्हानं तापलेलं पाणी वाहत्या पाण्यापेक्षा लवकर मारतं, म्हणून आधी चर काढून पाणी वाटेला लावा. टाच रुतेनाशी होईपर्यंत आणि नवी पात वीतभर होईपर्यंत जनावर आत नको. पहिली कापणी चार बोटं बुडखा राखून करा. युरिया जमीन वाफशावर आल्यावरच द्या. साचल्या पाण्यात त्यातलं बरंचसं नत्र हवेत जातं.

गाळानं माखलेलं गवत तसंच घालू नका. पाणथळ जागेतल्या गोगलगायींमुळे गवतावरून यकृतातले चपटे कृमी जनावरांत येतात. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या. घटसर्पाची लस मात्र पावसाआधीच टोचलेली हवी.

हे सगळं गोठ्यात वैरण असेल तरच जमतं. म्हणून पेंढ्याची एक गंजी उंचवट्यावर रचा, पुरानंतरचे निदान तीन आठवडे पुरेल एवढी, आणि पाणी ओसरेपर्यंत तिला हात लावू नका.