दहावी-बारावीतील चित्रकला : पालकांनी जाणून घ्यावे असे काही

दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच चर्चा सुरू होते. मुलाला सायन्सला घालायचे की कॉमर्सला? चित्रकलेचे नाव या चर्चेत सहसा निघत नाही. निघालेच तर "चित्रं काढून पोट भरतं का?" या प्रश्नापुढे ते टिकत नाही. १९९५ साली हा प्रश्न आम्हीही घरी ऐकला. इंटरमीजिएट परीक्षेत आम्हांस 'अ' श्रेणी मिळाली होती. वडिलांचा दोष नव्हता. पुढची वाट सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही आणि आम्हांसही नाही. आम्ही बी.ए. झालो, बँकेत लागलो, संसार नीट झाला. त्याबद्दल तक्रार नाही.

परंतु गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका मुलाच्या बाबतीत जे घडले, त्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. हा मुलगा दरवर्षी जयंतीला मोठे चित्र रंगवतो. बारावीचा निकाल लागल्यावर तो आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म कुठे मिळतो?" प्रवेश परीक्षेच्या अर्जाची मुदत तोपर्यंत केव्हाच संपली होती. त्याचे वर्ष गेले. सहा-सात वर्षे आम्ही त्याच्या चित्राचे कौतुक केले, पण पुढे काय करणार, याची चौकशी एकदाही केली नाही. रोज काउंटरवर लोकांना मुदती समजावून सांगणाऱ्या आमच्या हातून ही चूक झाली. ती इतरांकडून होऊ नये म्हणून पुढील माहिती देत आहोत.

माध्यमिक शाळेत असताना

राज्य शासनाच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी व इंटरमीजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. अर्ज शाळेमार्फत जातो. यातील तीन विषय पालकांनी समजून घ्यावेत.

पहिला वस्तुचित्र. समोर तांब्या, फळे, कापड असे काही मांडलेले असते. ते पाहून हुबेहूब काढायचे. हात ताठ धरून पेन्सिलीने उंची-रुंदी मापायची, मग उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहून छाया भरायची. तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असते, पण बसल्या जागेवरून ते लंबगोल दिसते. माहीत असलेले न काढता दिसते ते काढणे, हा या विषयातील खरा धडा आहे.

दुसरा स्मरणचित्र. बाजार, बसथांबा, पाणी भरणाऱ्या बायका असा प्रसंग आठवून काढायचा. माणसे वाकतात कशी, ओझे कसे उचलतात हे रोज पाहून वहीत झटपट रेखाटण्याची सवय असेल तरच हे जमते. तिसरा संकल्पचित्र. त्यात आकारांची मांडणी व रंगसंगती यांचा कस लागतो. याशिवाय भूमिती व अक्षरलेखन असते.

अकरावी-बारावी व पुढे

कलेच्या पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. पदवी चार वर्षांची असते. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व सामान्यज्ञान हे विषय असतात. म्हणजे नववीत ज्याने पहिले तीन विषय मन लावून केले, त्याचा पाया आधीच तयार असतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे मात्र सराव सुटता कामा नये. नेमका तो याच वर्षांत सुटतो.

काही कनिष्ठ महाविद्यालयांत चित्रकला हा ऐच्छिक विषय घेता येतो. केंद्रीय मंडळाच्या शाळांत 'पेंटिंग' या विषयाला प्रात्यक्षिकाचे ७० व लेखी परीक्षेचे ३० गुण असतात. अकरावीच्या लेखी भागात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व अभ्यासावा लागतो. अजिंठ्याचा व आपल्याकडील कलाशिक्षणाचा संबंध जुना आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. १८७२ पासून तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना लेण्यांत नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पुढे १८८५ साली लंडनमधील आगीत त्यांपैकी बऱ्याच जळाल्या. पण अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर बसून पाहण्याची जी शिस्त त्या मुलांच्या अंगी बाणली असेल, तीच आजही या विषयाला लागते.

मुंबईशिवाय नागपूर व छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. पदवीनंतर कलाशिक्षक, जाहिरात, पुस्तकांची मांडणी, अ‍ॅनिमेशन अशी कामे मिळू शकतात. सर्वांनाच लगेच मिळतात असे नाही. पण ते कोणत्या पदवीचे खरे आहे?

पालकांनी काय करावे

१. आठवी-नववीतच शाळेत रेखाकला परीक्षेची चौकशी करावी. शाळा अर्ज पाठवत नसेल तर मुख्याध्यापकांना भेटावे.

२. सरावाला महाग कागद लागत नाही. जुन्या कॅलेंडरची पाठ चालते. रोज अर्धा तास मात्र हवा.

३. बारावीच्या वर्षी डिसेंबरपासून सीईटी कक्षाच्या सूचना पाहाव्यात. निकालाची वाट पाहत बसू नये.

४. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होत नाही.

त्या मुलाचा यंदाचा अर्ज आम्ही शेजारी बसून भरला. रविवारी तो आमच्याकडे येतो, आम्ही तांब्या व दोन वांगी मांडून देतो. निकाल काय लागेल तो लागो. आपल्याही शेजारी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांच्या चित्राचे कौतुक जरूर करावे, पण त्याबरोबर अर्जाची तारीखही विचारावी, एवढीच विनंती.