दिसणे आणि पाहणे

‘दृष्टी तशी सृष्टी’ ही म्हण आपण निबंधाच्या शेवटी हमखास वापरतो. पण ती खरी कशी, याचा विचार सहसा करीत नाही. मराठी भाषेने मात्र तो फार पूर्वीच केलेला आहे. एकाच डोळ्याच्या कामासाठी तिने दोन क्रियापदे ठेवली आहेत. ‘मला डोंगर दिसतो’ या वाक्याचा कर्ता डोंगर आहे. ‘मी डोंगर पाहते’ असे म्हटले की कर्तेपण माझ्याकडे येते. दिसण्याचे पाहणे होताना नेमके काय घडते आणि त्यावर माणसाचा अनुभव कसा बेतला जातो, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली निर्विकल्प, म्हणजे ‘काहीतरी आहे’ एवढीच जाणीव. दुसरी सविकल्प, म्हणजे ‘हा घट आहे’ अशी ओळख. आधुनिक मानसशास्त्र याच धर्तीवर संवेदन आणि अवबोध असा भेद करते. इंद्रियाला जे मिळते ते संवेदन आणि मन त्याचा जो अर्थ लावते तो अवबोध. पौर्णिमेचा चंद्र उगवताना केवढा मोठा दिसतो! त्याच वेळी कागदाची बारीक नळी करून तिच्यातून त्याच्याकडे पाहावे. भोवतीची झाडे आणि घरे नजरेआड होताच त्याचा मोठेपणा ओसरतो. चंद्र तोच, डोळाही तोच. बदलला तो मनाने केलेला हिशेब.

हा हिशेब माणूस जन्मतःच घेऊन येतो की शिकतो? 1688 साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने एक प्रश्न विचारला. जन्मांध माणसाला स्पर्शाने गोळा आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून तो कोणता गोळा आणि कोणता घन हे सांगू शकेल काय? या प्रश्नाला मॉलिन्यू यांचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि लॉक यांनाही ते पटले. 1694 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी हा प्रश्न घातला आणि तो अजरामर झाला.

1728 साली विल्यम चेसेल्डन या इंग्रज शल्यचिकित्सकाने सुमारे तेरा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेनंतर दिसू लागले तेव्हा, दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटलेली आहे, असे त्या मुलाला वाटले. कुत्रे कोणते आणि मांजर कोणते, हेही त्याला नुसते पाहून कळेना. शेवटी त्याने मांजर धरले, हातांनी चाचपले आणि पुढच्या वेळी ओळखता यावे म्हणून ते नीट पाहून ठेवले.

या प्रश्नाची अधिक काटेकोर परीक्षा आपल्याच देशातील मुलांवर झाली. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत काम करणारे शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात उपचाराने दृष्टी लाभलेल्या 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून ही मुले ओळखत. चाचपलेली वस्तू पुन्हा चाचपून ओळखत. पण चाचपलेली वस्तू नुसती पाहून ओळखायची म्हटले, की त्यांचे उत्तर जवळजवळ अंदाजावरच जाई. ज्यांची काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली, त्यांना मात्र ते बऱ्यापैकी साधू लागले होते. डोळे उघडल्याने दिसू लागले. पाहणे मात्र त्यांना शिकावे लागले.

येथे पुन्हा मराठीकडे वळावेसे वाटते. आपण ‘चाखून पाहा’, ‘वास घेऊन पाहा’, ‘विचारून पाहा’, ‘करून पाहा’ असे म्हणतो. यांत डोळ्यांचा काही संबंध नाही, तरी क्रियापद पाहण्याचेच. काही केल्यावाचून पाहणे पुरे होत नाही, हे त्या मांजर चाचपणाऱ्या मुलाचे शहाणपण आपल्या रोजच्या बोलण्यात मुरलेले आहे.

पाहणे ही जर शिकण्याची गोष्ट असेल, तर जो जे काम करतो ते त्याची नजर घडवते, हे ओघानेच आले. जॉन रिडली स्ट्रूप यांचा 1935 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारला, की वाचता येणारा माणूस अडखळतो. अक्षर दिसले की ते न वाचणे त्याच्या हाती राहत नाही. माझी आई येथे अडखळणार नाही, कारण तिला वाचता येत नाही. पण पहिल्या खुरपणीला जोंधळ्याचे कोवळे रोप आणि गवत तिला क्षणात वेगळे दिसते. आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती खुरपे दिले, तर गवत राहील आणि जोंधळा उपटला जाईल! एका कार्यालयात आईने अंगठा उमटवला तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी तिला ‘अडाणी’ म्हटले. त्यांना अंगठा दिसला. आईची नजर दिसली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारख्यांना येथे नवी नजर मिळते, ही मोठीच मिळकत आहे. पण ती घेऊन घरी गेल्यावर तेच घर ‘मागासलेले’ दिसू लागते. तेव्हा बदललेले असते ते घर नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यावरून ‘ज्याला जे दिसेल ते त्याचे सत्य’ असे मात्र कोणी समजू नये. अंधारात दोरी साप वाटली, तर भीती खरी असते, साप खरा नसतो. दिवा आणून पाहिले, की दोरी ही दोरीच ठरते. शिक्षणाने आपल्या हाती असा दिवा द्यावा. तो दुसऱ्याच्या तोंडावर धरण्यासाठी नाही. आपण ज्याला साप म्हणत आलो, त्याच्या जवळ नेऊन पाहण्यासाठी आहे.