निरोपाची पेटी

दारी आलेला मनुष्य कडी वाजवून थकला, की शेजाऱ्यापाशी निरोप ठेवून निघून जातो. दूरध्वनीवर असा शेजारी कोठून आणावयाचा? कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणाऱ्या व्हाल्डेमार पौलसेन या डॅनिश तंत्रज्ञाने पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने माणसाचा आवाज उमटवून दाखविला आणि १८९८ मध्ये त्या युक्तीचे पेटंट घेतले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रापुढे बोलले. मुलांनो, तो आवाज आजही जपून ठेवलेला आहे!

आता तारेची जागा संगणकाने घेतली आहे. सेवानिवृत्त झाल्यावर मी शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत दोन तास बसू लागलो. तेथील दूरध्वनी 'टीम्स' या ॲपमधून चालतो. आपण जागेवर नसलो, तर ते ॲप बोलणाऱ्याचा निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवते. यालाच व्हॉइसमेल म्हणतात. ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल्स' या विभागात ही सोय आहे. किती सेकंद घंटी वाजल्यावर निरोप घ्यावयाचा, हे तेथे ठरविता येते. आम्ही वीस सेकंद ठरविले. तेथूनच स्वागताचे शब्दही आपल्या आवाजात मुद्रित करता येतात. मी घसा खाकरून, वर्गात शिकवीत असल्याप्रमाणे म्हटले, "नमस्कार. मी सध्या जागेवर नाही. आपले नाव, गाव व काम सांगावे. मी आपणांस अवश्य फोन करीन."

ते शब्द मला स्वतःलाच इतके आवडले, की मी ते चार वेळा ऐकले. आलेले निरोप कोठे ऐकावयाचे, हे मात्र मी कोणाला विचारले नाही.

पडद्यावर दूरध्वनीच्या चित्राजवळ एक लहानसा तांबडा आकडा दिसू लागला. आठ दिवस मी तो पाहिला. अखेर कचेरीतील तरुण लेखनिक बाई म्हणाल्या, "सर, हे निरोप आहेत. आपण ऐकले नाहीत का?"

त्यांतला एक निरोप एका विद्यार्थिनीच्या आईचा होता. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. "गुरुजी, पोरीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लावायचा राहिला. घेऊन येऊ का? तुम्ही फोन करतो म्हणालात, मी वाट बघते."

अर्जांची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. मी तत्काळ फोन केला. बाई रागावल्या नाहीत. त्या रागावत्या, तर मला बरे वाटले असते. संस्थेच्या समितीपुढे मी माझी चूक सांगितली; परंतु त्या वर्षी नियम वाकला नाही.

आता कचेरीत शिरताच मी प्रथम 'कॉल्स' उघडतो व 'व्हॉइसमेल'च्या यादीतील निरोप ओळीने ऐकतो. काही भाषांत निरोपाची लेखी प्रतही शेजारी उमटते. पण तीत नावे व आकडे चुकू शकतात, म्हणून मी मूळ आवाजच ऐकतो. नाव, गाव आणि वेळ वहीत उतरवितो. उलट फोन झाल्यावाचून निरोप पुसत नाही.

स्वागताचे शब्दही बदलले आहेत. शेवटी आता असे म्हणतो: "संध्याकाळी पाचपर्यंत माझा फोन आला नाही, तर कृपया मला पुन्हा फोन करावा."