सायटिका : दुखणे पायात, मूळ कमरेत



गळीत हंगाम सुरू झाला की कमरेची तक्रार घरोघर ऐकू येते. त्यातली पुष्कळशी साधी उसण असते; चार-आठ दिवसांत जाते. पण कळ कमरेत न थांबता कुल्ल्यातून, मांडीच्या मागून पोटरीत आणि पावलापर्यंत उतरू लागली, मुंग्या येऊ लागल्या, खोकला-शिंक आली की पायात वीज चमकल्यासारखे झाले, तर ती बहुधा सायटिका असते. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हणतात. हे दुखणे नीट समजले तर निम्मी भीती जाते आणि नको तो खर्चही वाचतो.

असे का होते?

कमरेच्या मणक्यांतून निघणारी मज्जातंतूंची मुळे एकत्र येऊन एक नस बनते आणि ती पायात उतरते. शरीरातली ही सर्वांत जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी. दोन मणक्यांमध्ये मऊ गादी असते. वयाने किंवा वारंवारच्या ओझ्याने ती झिजते, कधी फाटते आणि आतला गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो. तिथे दाब येतो, सूजही येते. म्हणून पाय कितीही चोळला तरी मूळ तसेच राहते. सरकलेल्या गादीमुळे पाय दुखतो, हे बोस्टनच्या डॉ. मिक्स्टर व डॉ. बार यांनी १९३४ साली दाखवून दिले.

आता दिलासा देणारी गोष्ट. बाहेर आलेला हा गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. सूज उतरते आणि बहुतेकांचे दुखणे दीड ते तीन महिन्यांत बरेच कमी होते.

अंथरूण धरू नये

‘बाजेवरून उठू नका’ हा जुना सल्ला. हॉलंडमध्ये १९९९ साली १८३ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवले, निम्म्यांना हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरातले ८७ सुधारले होते. झोपून राहण्याचा फायदा काहीच नाही. उलट स्नायू ढिले पडतात.

त्याच देशात २००७ साली २८३ रुग्णांची अशीच पाहणी झाली. शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, हे खरे. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणून शस्त्रक्रिया वाईट नव्हे. बहुतेकांना घाई मात्र नको.

घरी काय करावे?

१) पहिले एक-दोन दिवस जमेल तेवढी विश्रांती घ्या. मग दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटे सपाट जागी चाला व रोज थोडे वाढवा.

२) कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणे झोपताना गुडघ्यांखाली घ्या.

३) दोन-तीन मिनिटे पालथे पडून पाहा. सोसले तर कोपरांवर टेकून छाती उचला. कळ पायातून कमरेकडे सरकली तर व्यायाम मानवला असे समजा. खाली पावलाकडे उतरली तर लगेच थांबा.

४) कमरेला सोसेल इतपत शेक द्या.

५) ट्रॅक्टरवर तासन्‌तास बसू नका, अर्ध्या तासाने उतरून चार पावले टाका.

६) युरियाचे पोते ४५ किलोचे, डीएपीचे ५०. दुखणे असेतो उचलूच नका. पुढेही दोघांनी मिळून, गुडघ्यात वाकून, ओझे अंगालगत धरून उचला. उचलताना कंबर पिळू नका, पावले टाकून वळा.

हे करू नका

पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणे, मणके कडाकडा मोडून घेणे, बिब्बा घालणे, डाग देणे यांनी गादी जागेवर येत नाही. इजा मात्र होते. मधुमेह असलेल्याची जखम तर चिघळते.

इथे घरगुती उपाय पुरे

लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावर ताबा राहिला नाही, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतील बळ गेले, तर रात्र असली तरी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे शस्त्रक्रियेला पर्याय नसतो आणि उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. टाचेवर किंवा चवड्यावर चालता येईनासे झाले, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पडल्यानंतर दुखू लागले, ताप आहे, वजन घटते आहे, किंवा सहा आठवड्यांत उतार नाही, तर तपासणी करून घ्यावीच. बायामाणसे हे सांगायला संकोचतात. घरच्यांनी आपणहून विचारावे.

एरवी धीर धरावा, चालत राहावे आणि आपली कंबर आपणच सांभाळावी.